अक्का उतरली ती उतरलीच

दादा कधी फोन करत नाहीत. दुकानातला फोनसुद्धा ते दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावायचे. त्यामुळे त्या दुपारी मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं तेव्हाच मी हातातलं काम सोडून उठले. "सुनंदा, ये जरा," एवढंच म्हणाले आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडून नुसता पंख्याचा आवाज येत होता. दादा म्हणजे माझे थोरले दीर, आणि अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी थोरली जाऊ. सोलापुरात बाळीवेशीत आमची घरं दोन गल्ल्या सोडून आहेत. मी चप्पल न घालताच आले, हे त्यांच्या पायरीवर तळपाय भाजले तेव्हा कळलं. अक्का जेवून आडवी झाली होती, ती उठलीच नव्हती. चेहऱ्यावर कसला त्रास नव्हता... कुणी हाक मारल्यावर "आले की" म्हणताना तिचा चेहरा व्हायचा, तसाच होता. मी तिच्या पायाशी बसून राहिले. शेजारच्या बायका आल्यावर त्यांनीच मला उठवलं.

आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. अंघोळ घालून, भस्म लावून बसवतात, विमानात, म्हणजे सजवलेल्या डोलीत, बसवूनच आमच्या दफनभूमीत, रुद्रभूमीत नेतात आणि मातीतही बसवूनच ठेवतात. जन्मल्यावर गळ्यात बांधलेलं इष्टलिंग आयुष्यभर अंगावरून उतरवायचं नसतं. ते शेवटी डाव्या तळहातावर ठेवतात आणि ते माणसाबरोबर मातीत जातं. ज्याचं त्याचंच, दुसऱ्याचं चालत नाही. मैंदर्गीहून अक्काच्या माहेरची माणसं पोचली, स्वामी आले, बेलाची पानं आली. स्वामी मला म्हणाले, "गळ्यातली डबी उघडा, ताई." अक्काच्या गळ्यातली ती चांदीची डबी मी उघडली. आत काळं लिंग होतं, सुपारीहून जरा मोठं, आणि त्याच्या एका अंगाला लेपाचं ठिगळ होतं, बाकीच्या काळ्यापेक्षा जास्त चकचकीत. ते अक्काचं नव्हतं. ते संगूचं होतं, तिच्या मुलाचं. आणि संगूचं लिंग तर तिनं गेल्या हिवाळ्यात एका बंदराबाहेरच्या मातीत पुरलं होतं, माझ्यादेखत. निदान मी तसं समजत होते. म्हणजे त्या संध्याकाळी मातीत गेलं ते तिचं स्वतःचं. तेव्हापासून आमच्यात उठणाऱ्या-बसणाऱ्या, चहा पिणाऱ्या, माझी चेष्टा करणाऱ्या या बाईनं आपली माती आधीच करून घेतली होती. मी डबी मिटली.

मी लग्न होऊन आले तेव्हा अक्का या घरात मुरलेली होती. मी बी.एड. झालेली, शाळेत मराठी शिकवणारी, आणि घरात सगळे अर्धं बोलणं कानडीत करणारे. मला निम्मं कळायचं नाही. अक्कानं मला आधी कानडी शिव्या शिकवल्या, मग भाजीपाल्याची नावं. "मास्तरीण" म्हणायची ती मला. "मास्तरीण, तुजं मराटी पुस्तकात ठेव, हितं भाकरी थापायला ये." तिचं सगळं बोलणं असं चिमटे काढणारं होतं, पण मला पहिल्या बाळंतपणात ताप आला तेव्हा माझ्या उशाशी तीच होती. संगू तिचा एकुलता एक. लहानपणी महाउद्योगी. एकदा त्याची गोट्यांमधली मोठी गोटी हरवली, तर पठ्ठ्यानं गळ्यातलं लिंग काढून त्यानंच डाव खेळला! एका अंगाचा लेप उडाला. दादांनी त्याच्या दोन थोबाडीत दिल्या आणि स्वामींकडं नेऊन लेप भरून घेतला. अक्का स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होती. "देवानंबी काय म्हटलं असंल गं," म्हणायची, "जन्मात एकदा तरी खेळायला मिळालं."

त्या पोरानं भुसाराच्या दुकानात बसायला नकार दिला. पुण्यात हॉटेलचा कोर्स केला आणि प्रवासी जहाजावर नोकरी धरली. समुद्रावरची! आमच्या घरात पाणी म्हटलं की सिद्धेश्वराचं तळं, त्यापुढं कुणाची मजल गेली नव्हती. दादांना समुद्राचं काही नव्हतं, त्यांना ताटांचं होतं. "घरचं दुकान सोडून लोकांची खरकटी ताटं उचलणार?" जाताना संगूनं लिंग काढून अक्काकडं दिलं. जहाजावर धावपळीचं काम, दोरा तुटून समुद्रात गेलं तर काय करायचं, एवढंच त्याच्या मनात होतं. ते हरवू नये म्हणून त्यानं काढलं होतं. दादांनी मात्र ते बघितलं आणि सगळ्यांसमोर बोलून गेले, "ज्यानं लिंग उतरवलं, त्यो माज्यापुरता गेला." संगू हसून वाकून नमस्कार करून गेला. अक्कानं ते वाक्य कधीच माफ केलं नाही. ती भांडली नाही, अबोला धरला नाही, फक्त त्या दिवसापासून दादांचं ताट वाढून झालं की ती समोर बसायची थांबली.

आमच्यात लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाणीसुद्धा घालत नाहीत. आम्ही शिकलेल्या बायका नोकरीच्या धबडग्यात सवलती घेतो. अक्का घेत नसे. संगू गेल्यावर ती रोज दोन पूजा करायला लागली. आधी त्याचं लिंग तळहातावर घ्यायची, पाणी घालायची, भस्म, बेलाचं पान. मग स्वतःचं. "त्याला तितं कुटं जमतंय? मी केली की त्याची झाली. उपाशी ऱ्हायला न्हाय पाहिजे त्यो." असं दीड वर्ष चाललं. मग एका संध्याकाळी त्याचं जहाज आपल्याच किनाऱ्यावरच्या एका बंदराला थोड्या वेळासाठी लागलं. संगू परवानगी काढून खाली उतरला आणि तिथून त्यानं अक्काला फोन केला. मी समोरच शेंगा निवडत बसले होते, फोनमधलं बोलणं मला ऐकू येत होतं. "अव्वा, समोर सोलापूरची बस लागलीया बघ," तो म्हणाला. अक्का म्हणाली, "मग बस की!" तो खूप हसला. एवढंच. जहाजाचा भोंगा झाला तेव्हा तो परत आला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापुरातही उतरला नव्हता. अक्कानं पहाटेच त्याच्या अंघोळीचं पाणी तापवलं होतं. ते गार झालं, तिनं परत तापवलं.

पुढं पोलीस झाले, कंपनीच्या माणसांचे फोन झाले, दादा स्वतः जाऊन आले. कुणाला काही दिसलं नव्हतं, कुणाला काही सापडलं नव्हतं. पाण्यात गेला म्हणावं तर देह नाही, कुठं निघून गेला म्हणावं तर कारण नाही. कारण एकच होतं, आणि ते दादांचं वाक्य होतं... आमच्यापैकी कुणी ते तोंडातून काढलं नाही. वर्षं गेली. दादा खचले, त्यांना रात्र रात्र झोप येईना. हे मिटवा, असं ते स्वामींना म्हणायला लागले. स्वामींनी सांगितलं, देह नसला तर तो जिथं गेला तिथल्या मातीत त्याचं लिंग ठेवा, इथं जंगम पुरोहितांना जेवू घाला, सुटेल तो. अक्का ऐकून घ्यायची आणि उठून जायची. तिचं म्हणणं सरळ होतं. ज्याचं लिंग मातीत गेलं, तो मेला. ते तिच्या हातावर रोज पाणी घेतंय तोवर तो आहे. सहा-सात वर्षं तिनं हा हट्ट धरून ठेवला, आणि गेल्या हिवाळ्यात एकाएकी म्हणाली, "चालंल. पण मी जाणार. जहाजानं जाणार, त्यो गेला तसंच. आन् मास्तरीण माज्यासंगं. दुसरं कुणी नको." दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही हायसं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

तर अशा आम्ही दोघी क्रूझला गेलो. ओल्या फडक्यात गुंडाळलेली बेलाची पानं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन! पानं केबिनमधल्या इवल्याशा फ्रिजमध्ये ठेवली, तिथल्या थंड पेयांच्या बाटल्या बाहेर काढून. जहाज हलायचं, अक्का भिंतीला पाठ लावून बसायची, एका हातात लिंग आणि दुसऱ्या हातात पेला, आणि मी तिला खांद्याला धरून ठेवायची. रोज दोन पूजा. मग वर जेवणाच्या हॉलमध्ये. बाकीच्या बायका समुद्र बघायच्या, अक्का ताटं उचलणाऱ्या पोरांचे हात बघायची. मनगटापासून कोपरापर्यंत प्लेटा रचून ती पोरं वाकत-वळत जायची. "कसलं अवघड काम हाय गं हे," एकदा म्हणाली. "दादांनी जन्मात सोताचं ताट उचललं न्हाय, त्यास्नी काय कळणार?" स्वतःची प्लेट ती उठून नेऊन द्यायची. पोरं नको नको म्हणायची, ती सोडायची नाही.

मुंबईला परतायच्या आदल्या संध्याकाळी ते बंदर आलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. नाव घेतलं की "आम्हीपण गेलो होतो, काजू काय स्वस्त होते" असे फोन येतात, आणि मला त्या गावाबद्दल काजू सोडून बोलणारं माणूस अजून भेटलेलं नाही. थांबा अगदी थोडा होता. बाकीची मंडळी गाड्यांमधून बाजारात गेली. आम्ही दोघी फाटकापर्यंत चालत गेलो. सगळीकडं सिमेंट, लोखंड, डांबर. हातभर मातीसुद्धा दिसेना. फाटकाबाहेर आलो आणि अक्का थबकली. रस्त्यापलीकडं एक बस उभी होती, तिच्या कपाळावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, सोलापूर. आपल्या गावाचं नाव बघून माणसाला बरं वाटतं. मला त्या क्षणी त्या अक्षरांची भीती वाटली. त्यानं हीच पाटी बघितली होती. इथंच उभं राहून फोन केला होता. बसमधून दाढी पिकलेला क्लीनर ओरडत होता, "सोलापूर, सोलापूर! चला मावशी, जागा हाय!" अक्का त्याच्याकडं बघत राहिली, पाटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाय रे बाबा. आमचं जहाज हाय." ती रस्ता ओलांडून बसच्या पायरीपर्यंत गेली, दांड्याला हात लावला आणि परत आली. "चार पावलं हाईत गं नुसती," मला म्हणाली. "एवडं आला आन् चार पावलं आला न्हाय?"

फाटकाच्या भिंतीला लागून, बाहेरच्या अंगाला, कुणीतरी तगरीचं झाड लावलं होतं. त्याच्या बुंध्याशी लाल माती होती. अक्का तिथं बसली. कमरेला खोचलेला स्टीलचा चमचा काढला. जेवणाच्या हॉलमधून तिनं तो सकाळीच उचलला होता, मला कळूही न देता! "तू तिकडं तोंड कर," म्हणाली. मी जहाजाकडं तोंड केलं. अंधारून येत होतं, जहाजावर एकेक मजल्याचे दिवे लागत होते, आणि पाठीमागं चमच्याची खरड ऐकू येत होती. मी मनात म्हणत होते, संगू, बाळा, जा आता. मी त्याला निरोप देत होते आणि माझ्या मागं अक्का स्वतःला मातीत ठेवत होती. माती दाबल्याचा आवाज आला. तिनं हाक मारली, मी वळले, तिला हाताला धरून उठवलं. तिचा हात बर्फासारखा गार होता. रडली नव्हती. "झालं," म्हणाली. "आता दादास्नी सांग, झालं म्हणून."

परत चढताना प्रत्येकाचं कार्ड यंत्रापुढं धरायचं असतं, ते टिंग वाजतं, आणि माणूस आत आल्याची नोंद होते. माझं वाजलं. गर्दी होती, मागून लोटालोटी चालली होती, अक्का माझा पदर धरून आत आली. आम्ही जेवायला बसलो. बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवत होती. आणि मग भोंगे बोलायला लागले. एक प्रवासी अजून परत आलेल्या नाहीत, असतील तिथून संपर्क साधावा. नाव अक्काचं. गिरिजा, पुढं दादांचं नाव, आडनाव, सगळं नीट. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. अक्का भाताचा घास घेता घेता ऐकत होती, तिच्या चेहऱ्यावर कुतूहल होतं. मी उठायला लागले तर तिनं मला मनगटाला धरून खाली बसवलं. "ऱ्हाऊ दे की. बोलवू दे." "अगं, जहाज सुटायचं नाही!" "थांबू दे जरा. त्यालाबी असंच बोलावलं असंल न्हवं? किती येळा बोलावतात, बघू दे मला." मी हात सोडवून घेतला आणि धावत जाऊन सांगून आले की बाई आत आहे, माझ्याशेजारी जेवतेय. त्यांनी यादीत खूण केली. जहाज सुटलं. पण तेव्हापासून माझ्या मनात एक वेडंविद्रं खूळ घर करून बसलं की यंत्र बरोबर होतं, चुकले मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कानं एकच पूजा केली. मी मनात देवाचे आभार मानले. घरी आल्यावर दादांनी जंगमांना जेवू घातलं, संगूच्या फोटोला हार घातला, आणि ते झोपायला लागले. सगळे म्हणायचे, अक्का शांत झाली. खरंच झाली होती. भांडायची थांबली होती. पण तब्येत कशी आहे विचारलं तर म्हणायची, "माजं झालं की." माझ्या नातवाच्या बारशाला फोटो काढायला बोलावलं तर बाजूला सरकली, "मला कशाला, मी न्हाय त्यात." आम्ही हसायचो. दादांच्या समोर ताट घेऊन ती पुन्हा बसायला लागली, पण बघायची त्यांच्या पलीकडं, दाराकडं. मी गेले तर कधी कधी ती मला क्षणभर ओळखायची नाही. लांबच्या गावाहून आलेल्या माणसाकडं बघावं तसं बघायची, मग म्हणायची, "तू व्हय मास्तरीण? बस."

आणि आता ती माझ्यासमोर बसवलेली होती, भस्म लावलेली, डावा तळहात उघडा, आणि माझ्या मुठीत ती डबी. स्वामी थांबले होते. माझ्याशिवाय कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. मी गप्प बसले असते तर संगूचं लिंग अक्काच्या हातातून रुद्रभूमीत गेलं असतं, आणि जे होऊ नये म्हणून ती स्वतः मातीत गेली, तेच मी तिच्याच हातानं करून टाकलं असतं. बोलले असते तर दादांना कळणार होतं की फोटोवरचा हार खोटा, झोप खोटी, आणि बायको त्यांच्या नकळत गेल्या हिवाळ्यातच गेली. "काय झालं?" दादांनी विचारलं. मला मोठ्यानं बोलवेना, आजूबाजूला माणसं होती. मी त्यांच्या कानाशी कानडीत म्हटलं, "इदु अक्कंदल्ल." हे अक्काचं नाही.

दादांना मोतीबिंदू आहे. त्यांनी ते हातात घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, काही दिसलं नसावं. मग अंगठा फिरवला आणि अंगठा त्या ठिगळावर थांबला. तो लेप त्यांनीच भरून घेतला होता. मग त्यांनी सदऱ्यात हात घालून आपल्या गळ्यातली डबी काढली, उघडली, आणि आपलं लिंग, जन्मल्यापासून अंगावरून न उतरलेलं, अक्काच्या तळहातावर ठेवलं. तिची बोटं त्यावर मिटवली. संगूचं आपल्या डबीत घालून गळ्यात बांधलं. मैंदर्गीच्या माणसांत कुजबुज झाली. असं कुठं असतं का? असं नसतंच. स्वामींनी दादांकडं बघितलं, अक्काच्या मुठीकडं बघितलं, आणि भस्माचं ताट पुढं केलं. रुद्रभूमीतून परत आल्यावर दादांनी स्टुलावर चढून फोटोचा हार स्वतः काढला.

याला आता काही आठवडे झाले. मी रोज सकाळी त्यांच्याकडं जाते. आयुष्यात दुकानाशिवाय कशात लक्ष न घातलेला हा माणूस स्वयंपाकघराच्या दाराशी अक्काच्या जागेवर बसतो, संगूचं लिंग तळहातावर घेतो आणि हात थरथरतो म्हणून निम्मं पाणी मांडीवर सांडतो. एकच पूजा. त्यांच्या स्वतःच्या नावाची आता करण्यासारखी काही उरलेली नाही. त्या घरात पाऊल टाकताना मला भीती वाटते, हे मी कुणाला बोलले नव्हते. दोन माणसं मातीत गेलेली, एक नुसतं नाहीसं झालेलं, आणि चहा मात्र उकळत असतो.

परवा दादांना ताप होता. मी गेले तेव्हा दुपार होत आली होती, ते अंथरुणावरच होते, डोळे मिटलेले. मी पेज करून नेली तर तोंड फिरवलं. कशासाठी ते मला कळलं. मी हात धुऊन आले, त्यांच्या गळ्यातली डबी उघडली, लिंग माझ्या डाव्या हातावर घेतलं, पाणी घातलं, भस्म लावलं, पान ठेवलं. पहिल्यांदाच. ते हातावर इतकं जड लागेल असं वाटलं नव्हतं. परत गळ्यात बांधलं तेव्हा दादांनी डोळे उघडले आणि दाराकडं बघत, लहान पोराची चौकशी करावी तसं हळूच विचारलं, "जेवंल न्हवं आता त्यो?"

"जेवंल की," मी म्हटलं, आणि पहिला घास त्यांच्या तोंडात घातला.